कपड्यांचा हिशेब पुरे!

चित्रातल्या बाईच्या अंगावर किती वार कापड आहे हे मोजून त्या चित्राची नीती ठरविणारे शिंपी आपल्या समाजात उदंड झाले आहेत. एका पेठेतले शिंपी म्हणतात, "कापड नाही, म्हणजे हे पाप!" दुसऱ्या पेठेतले म्हणतात, "कापड नाही, म्हणजे ही कला!" भांडण कडाक्याचे, पण दोघांच्या हातातला गज एकच. माझे भांडण ह्या गजाशी आहे.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी सात्त्विक वाचक विचारील. त्याला माझे उत्तर असे की, फराळाच्या ताटाशेजारी तुमच्या चिरंजीवांचा मोबाईल ठेवलेला आहे, आणि हा विषय त्यात अगोदरच येऊन बसला आहे. महिन्याची वर्गणी भरा आणि 'कलात्मक नग्न छायाचित्रे' पाहा, अशी संकेतस्थळे आज आहेत. अलिबागेत माझा फोटो स्टुडिओ होता. सारा जन्म प्रकाश आणि सावली मोजण्यात गेला. त्यामुळे तरुण पोरे मला विचारतात, "काका, इथे पैसे भरण्यासारखे आहे का?" आणि त्यांचे वडील विचारतात, "अहो, हे असले बघू द्यावे का?" दोघांनाही एकदमच सांगतो.

नग्नतेला भिणाऱ्यांनी प्रथम लाँचीत बसून घारापुरीला जावे. ती लेणी आमच्या रायगड जिल्ह्यातली, उरण तालुक्यातली. तिथल्या अर्धनारीश्वरापुढे बायकामुलांसह माणसे उभी राहतात आणि कुणी डोळे झाकून घेत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन ह्यांनी 1919 साली नग्न मॉडेल समोर बसवून रेखाटनाचा वर्ग सुरू केला. अकबर पदमसी ह्यांच्या 'लव्हर्स' चित्रांवर 1954 साली मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. बोरिस बेकर ह्या टेनिसपटूचे त्याच्या वाग्दत्त वधूसह काढलेले नग्न छायाचित्र कलकत्त्याच्या पत्रांनी छापले, त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1868 सालची जुनी इंग्रजी कसोटी तोवर आपण डोक्यावर घेऊन नाचत होतो. न्यायालयाने 2014 साली ती खाली ठेवली आणि चित्र काय सांगते, कोणत्या संदर्भात सांगते, ते पाहिले. वर्णद्वेषाविरुद्धचा संदेश त्या चित्रात होता. न्यायमूर्तींनी जे केले, ते आपल्याला घरी बसून करता येऊ नये?

वर्गणी भरून नग्न चित्र घरी येणे हीसुद्धा मराठी माणसाला नवी गोष्ट नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी 1927 च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. ते 1953 पर्यंत, म्हणजे कर्वे जिवंत होते तोवर चालले. त्यांच्यावर खटले झाले. 1934 सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले कुणी? महाडच्या तळ्यासाठी उभे राहिलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी! आणि गंमत पाहा, त्या खटल्याचा विषय चित्र नव्हताच. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेली उत्तरे, हा अपराध होता. कर्वे हरले, दंड भरून पुन्हा अंक काढू लागले. अंकावर त्यांचे नाव होते, पत्ता होता, आणि जे छापले त्याची जबाबदारी घेण्याची छाती होती.

आता दुसऱ्या पेठेकडे वळतो. 'कला' ही पाटी लावली की सगळे पवित्र होते, असे समजणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या संकेतस्थळावर ही छाती आहे का? चित्र कुणी काढले त्याचे नाव आहे का? चालकाचा पत्ता आहे का? बाई सज्ञान आहे, तिने लेखी संमती दिली आहे, तिला मेहनताना मिळाला आहे, असे स्पष्ट लिहिले आहे का? उद्या तिने 'माझे चित्र काढून टाका' म्हटले, तर ऐकणारा कुणी आहे का? ही उत्तरे नसतील, तर छायाप्रकाश कितीही रमणीय असो, एक पैसा भरू नये.

मॉडेल ही चित्रातली वस्तू नव्हे, चित्राची निम्मी कर्ती आहे. रवी जाधव ह्यांच्या 'न्यूड' चित्रपटातली यमुना कलाशाळेत मॉडेल म्हणून बसते आणि पोटच्या मुलापासून ते लपविते. 2017 साली गोव्याच्या महोत्सवातून सरकारने तो चित्रपटच काढून घेतला. जिच्या श्रमावर चित्रकार शिकतात, तिने लपावे आणि तिची कथाही लपवावी, ह्याला नीती म्हणावयाचे काय?

ह्या सगळ्याहून नागडा प्रकार मी आमच्या किनाऱ्यावर पाहतो. पर्यटक येतात, लांब भिंगाचे कॅमेरे रोखतात आणि मासळी निवडणाऱ्या, भिजल्या लुगड्यातल्या कोळणींचे फोटो घेतात. विचारणे नाही, सांगणे नाही. अंगभर लुगडे आहे, तेव्हा शिंप्यांचा गज गप्प! आता तर कुणा मुलीचा साधा चेहरा उचलून यंत्राकडून तिला नग्न दाखविणारे महाभाग निघाले आहेत. त्या चित्रात खरे शरीर मुळीच नाही, तरी अब्रू खरोखरीची जाते. संमतीवाचून कुणाच्या गुप्तांगाचे चित्र टिपणे वा पसरविणे ह्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ई कलमात 3 वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याने संमतीचे मोल जाणले. आपण मात्र अजून वार मोजीत बसलो आहोत.

राहिला पैशाचा भाग. वर्गणी सुरू करणे एका बोटाचे काम आणि बंद करणे सात दरवाज्यांचे, असे जिथे असेल, तिथे कलेचे सोंग ओळखावे. जो वर्गणीदाराला असा फसवितो, तो मॉडेलशी सचोटीने वागत असेल, ह्यावर माझा तरी विश्वास बसत नाही. कार्डावरून परस्पर वर्गणी जाण्याच्या 24 तास आधी बँकेने कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2021 पासून आहे. तो संदेश वाचण्याचा आळस करू नये.

आणि चित्र? ते कसे पारखावे? पन्नास चित्रे पाहावीत. पन्नासांत एकाही बाईचा चेहरा आठवत नसेल, सगळ्यांचे अवयव तेवढे आठवत असतील, तर तिथे खाटकाचे दुकान आहे. एखाद्या खांद्यावरचा उजेड, एखाद्या म्हातारीच्या पोटावरच्या वळ्या, कुणाची विचारात हरवलेली नजर मनात रेंगाळली, तर तिथे कलावंत आहे. अशा ठिकाणी सज्ञान मुलाने स्वतःच्या कमाईतून वर्गणी भरली, तर बापाने आकांत करू नये.

मात्र बापाने एक करावे. "हे काय बघतोस?" असे ओरडण्याऐवजी "ही बाई कोण, आणि तिला विचारले होते का?" एवढेच मुलाला विचारावे. हा प्रश्न ज्या पोराला एकदा पडला, तो किनाऱ्यावरच्या कोळणीवर चोरून कॅमेरा रोखणार नाही, आणि वर्गातल्या मुलीचा चेहरा यंत्राच्या तोंडी देणार नाही.