आकडा सकाळी सहाचा की दुपारी दोनचा?

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही हवामान-अंदाजाची नवी प्रणाली देशाला अर्पण झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ती घडली आणि तेथील ‘अर्का’ या महासंगणकावर ती चालते. पूर्वीचे प्रारूप सुमारे १२ किलोमीटरच्या चौकटींतून वातावरण पाहत असे. नवे ६ किलोमीटरच्या चौकटींतून पाहते. शेतकऱ्यापासून धरणाच्या अभियंत्यापर्यंत अनेकांना उपयोगी पडावी अशी ही बातमी. पण मला आलेल्या बहुतेक संदेशांत ठळक अक्षरांत एकच गोष्ट होती : ‘११.७७ पेटाफ्लॉप्स!’

त्याच आठवड्यात रसमड्याच्या आमच्या घरी दुसऱ्या एका आकड्याचा उत्सव चालू होता. माझ्या भाच्याने दोन वर्षांच्या बचतीतून गेमिंगसाठी संगणक जुळवला आहे. कारखान्याने ४.७ गिगाहर्ट्‌झवर ठरवून दिलेला त्याचा प्रोसेसर बायोसमध्ये शिरून त्याने ५.१ वर नेला होता. बेंचमार्कचा आकडा वाढला, त्याचे छायाचित्र घरच्या गटात आले आणि सर्वांनी अंगठे दाखवले. मी सुट्टीवर घरी गेले, तेव्हा दारातच त्याने सुनावले, “आत्या, तुझ्या प्रयोगशाळेतल्या संगणकापेक्षा माझा वेगवान आहे. लाव पैज.”

पैज मी लावली. तिचा निकाल विद्यार्थी मित्रांना सांगावासा वाटतो, कारण घरातला तो आकडा आणि बातमीतला तो आकडा यांचा आजार एकच आहे.

आधी रसमड्याविषयी. दुर्गहून राजनांदगावकडे निघाले की शिवनाथ नदी ओलांडल्यावर मुंबई-हावडा लोहमार्गावर हे स्थानक लागते. भोवती औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे खिडकीच्या चौकटीवर रोज काळसर धूळ साचते. मे महिन्यात दुपारचा पारा ४४ अंशांना सहज शिवतो. भाच्याने आपला विक्रमी आकडा नोंदवला होता जानेवारीत, पहाटे सहा वाजता, खिडकी सताड उघडी ठेवून.

यात काय बिघडले? हिशेब साधा आहे. प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर प्रत्येक उघडझाप करताना ऊर्जा खर्च करतात. हा खर्च वारंवारितेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. वारंवारिता वाढवायची, तर संकेत वेळेत पोहोचावेत म्हणून विद्युतदाबही वाढवावा लागतो. समजा, दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले. १.१ चा घन १.३३१. म्हणजे वेग १० टक्के वाढला, उष्णता मात्र ३३ टक्के.

ही उष्णता बाहेर टाकणारा कूलर तापमान ठरवत नाही, तो फक्त फरक ठरवतो. प्रोसेसर १५० वॉट उष्णता सोडत असेल आणि कूलरचा औष्णिक रोध प्रतिवॉट ०.३ अंश असेल, तर प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापेल. खोली १५ अंशांवर असेल तर ६०. खोली ४४ अंशांवर असेल तर ८९. शंभराच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. त्यात पंख्याच्या पात्यांमध्ये धूळ बसली की तो ०.३ चा आकडाही वर सरकतो. तेव्हा जानेवारीच्या पहाटेचा आकडा हा संगणक, पहाट आणि स्वच्छ पंखा या तिघांचा मिळून आकडा होता. छायाचित्रात नाव एकट्या संगणकाचे होते.

आमची पैज मेच्या दुपारी दोन वाजता झाली. बेंचमार्क तेव्हाही पार पडला. आकडा थोडा खाली आला, पण संगणक बंद पडला नाही, तक्रारीची एक ओळही उमटली नाही. भाचा खुशीत होता. मग मी माझा प्रोग्राम चालवला. काही हजार कणांची परस्परांवरील बले मोजून त्यांची हालचाल पुढे नेणारा हा साधा रेण्वीय गतिकीचा प्रोग्राम आहे. प्रत्येक प्रत एकाच थ्रेडवर चालते आणि सुरुवातीची स्थिती सर्वांना एकच दिली, तर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच यायला हवे. प्रोसेसरच्या आठ कोअरवर मी आठ प्रती बसवल्या आणि आम्ही जेवायला गेलो.

तासाभराने परत आलो. सात उत्तरे तंतोतंत सारखी होती. आठवे वेगळे होते.

त्या आठव्या प्रतीत मध्येच एका क्षणी एकूण ऊर्जेने बारीकशी उडी घेतली होती. आलेखात ती डोळ्यांना दिसलीही नसती. सात साक्षीदार शेजारी होते म्हणून पकडली गेली. आम्ही पुन्हा चालवले. पुन्हा त्याच कोअरवर चूक झाली, या वेळी वेगळ्या ठिकाणी. वेग ४.७ वर परत आणला आणि रात्रभर चालवले. आठही उत्तरे सारखी आली.

अशी चूक का होते? ५ गिगाहर्ट्‌झला घड्याळाचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात निर्वात पोकळीतला प्रकाशही सहा सेंटीमीटरच जातो. त्या एका ठोक्यात संकेताला ट्रान्झिस्टरांची साखळी ओलांडून पुढच्या थांब्यावर पोहोचायचे असते. तो पोहोचण्याआधी ठोका पडला, तर एकच्या जागी शून्य नोंदले जाते आणि गणित निर्विकारपणे पुढे चालू राहते. कारखाना वेगाला जी मर्यादा घालतो, तिच्यात तापलेल्या दुपारची, जुनाट होत जाणाऱ्या सिलिकॉनची आणि सर्वांत मंद साखळीची सवलत धरलेली असते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती सवलत खर्च करणे. ती खर्च करू नये असे माझे म्हणणे नाही. किती उरली ते न मोजता खर्च करू नये, एवढेच म्हणणे आहे.

आणि ही केवळ हौशी मुलांची गोष्ट नाही. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच त्या कडेच्या जवळ नेऊन विकले जातात. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी वाढल्यावर कंपनीने २०२४ मध्ये वाढीव विद्युतदाबाचे कारण मान्य केले, दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी स्वतंत्र शोधनिबंधांत लिहिले, की त्यांच्या अवाढव्य संगणककेंद्रांत काही कोअर कसलाही इशारा न देता चुकीची उत्तरे देतात. हे प्रोसेसर कोणी हौसेने पळवलेले नव्हते.

त्याआधीचा दाखला १९९४ चा. थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. नव्या पेंटियम संगणकावरचे उत्तर जुन्या संगणकांशी जुळेना. त्यांनी ‘वेग तर वाढला ना’ असे म्हणून विषय सोडला नाही. महिनोन्‌महिने शोध घेऊन त्यांनी पेंटियमच्या भागाकारातील दोष जगासमोर आणला आणि त्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. एका माणसाने एक गणित दोन यंत्रांवर केले, इतकेच त्याचे भांडवल होते.

म्हणूनच मला ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या मुलांचा राग येत नाही, उलट आशा वाटते. त्यांच्यातला जाणता वर्ग आकड्यावर थांबत नाही. संगणक स्थिर आहे का, हे पाहण्यासाठी ‘प्राइम९५’ रात्रभर चालवतो. हा प्रोग्राम मुळात मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला आहे. त्याच्या छळचाचणीत उत्तरे आधीपासून ठाऊक असतात, त्यामुळे एक अंक चुकला तरी चोरी पकडली जाते. द्रव नायट्रोजन ओतून प्रोसेसर क्षणभर ९ गिगाहर्ट्‌झच्या पलीकडे नेणे हा थरारक खेळ आहे आणि खेळ म्हणून त्याला माझी दाद आहे. पण तो क्षण आणि कामाची रात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते खेळाडूही जाणतात. न जाणणारे आपण, बातम्या वाचणारे.

आता महासंगणकांकडे येऊ. त्यांचे ‘टॉप५००’ हे जागतिक वर्गीकरण १९९३ पासून वर्षातून दोनदा निघते. तिथले परिमाण म्हणजे लिनपॅक : एकघाती समीकरणांची प्रचंड संहती सोडवायची आणि वेग मोजायचा. प्रत्येक यंत्राचे दोन आकडे असतात. एक सैद्धांतिक कमाल, दुसरा प्रत्यक्ष मोजलेला. पुण्याच्या ‘एका’ने नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा क्रमांक मिळवला, तो मोजलेल्या ११७.९ टेराफ्लॉप्सवर, त्याची सैद्धांतिक कमाल सुमारे १७१ होती. पुण्याच्याच सी-डॅकमधील ‘ऐरावत’ जून २०२३ मध्ये ७५ वा आला, तो ८.५ पेटाफ्लॉप्सवर, कमाल सुमारे १३ होती. यात लपवाछपवी नाही, यादीत दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात. बातमीत मात्र कधी हा येतो, कधी तो, आणि कोणता ते सांगितले जात नाही.

लिनपॅकची एक गोष्ट मला फार आवडते. समीकरणे सुटली की तो प्रोग्राम उत्तर परत समीकरणांत घालून पाहतो. शेष मर्यादेबाहेर गेला, तर वेग कितीही असो, निकाल ‘अनुत्तीर्ण’. जगातल्या सर्वांत गाजलेल्या स्पर्धेचा पहिला नियमच हा आहे : आधी बरोबर, मग वेगवान.

तरीही लिनपॅक म्हणजे सारे काम नव्हे. हवामान किंवा द्रवगतिकीच्या गणितात स्मृतीतून आकडे आणण्यातच वेळ जातो. त्या धाटणीच्या ‘एचपीसीजी’ या दुसऱ्या बेंचमार्कवर जपानच्या ‘फुगाकू’ने सुमारे १६ पेटाफ्लॉप्स नोंदवले, लिनपॅकवर त्याच यंत्राचे ४४२ होते. यंत्र एक, प्रश्न दोन आणि उत्तरांत सत्तावीस पटींहून अधिक तफावत.

आता पुन्हा ‘अर्का’. चौकट आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी केली की चौकटी चौपट होतात; काळाचे पाऊलही निम्मे करावे लागले, तर ढोबळ हिशेबाने काम आठपट होते. आधीचा ‘प्रत्यूष’ ४ पेटाफ्लॉप्सचा होता; ‘अर्का’ त्याच्या तिपटीच्याही किंचित खाली. मग आठपट काम कसे भागले? इथे खरी बातमी सुरू होते. पृथ्वीवर पसरलेल्या गणिती जाळीची रचना बदलली गेली, प्रोग्राम नव्याने बांधला गेला, माणसे वर्षानुवर्षे राबली. ‘११.७७’ या आकड्यात त्यांपैकी एकही माणूस दिसत नाही.

हे सारे विद्यार्थ्यांना सांगण्याचे कारण आणखी जवळचे आहे. आपल्या लहान शहरांतील असंख्य महाविद्यालयांत महासंगणक पोहोचलेला नाही. एमएस्सीचा प्रकल्प असो वा यंत्रशिक्षणाचा प्रयोग, तो वसतिगृहातल्या कुणाच्या तरी गेमिंग संगणकावरच होतो. तोच आपला महासंगणक. खेळात एखादा बिट उलटला, तर पडद्यावरचा एक ठिपका क्षणभर वेगळ्या रंगाचा दिसेल. प्रबंधात उलटला, तर तो निष्कर्ष म्हणून छापला जाईल. माझ्या भाच्याच्या आठव्या कोअरवर माझी एकच प्रत पडली असती, तर ती ऊर्जेची उडी मी भौतिकशास्त्राच्या नावावर जमा केली असती.

म्हणून कोणताही आकडा पाहिला, मग तो घरातला असो वा राष्ट्रीय बातमीतला, तर तीन प्रश्न विचारा. कोणत्या परिस्थितीत मोजला? किती वेळ टिकला? आणि उत्तर बरोबर आल्याचे कोणी, कसे तपासले? बातमी लिहिणाऱ्यांनी या तिन्हींना एकेक वाक्य दिले तरी पुष्कळ. तेवढ्याने आपल्या शास्त्रज्ञांचा गौरव उणावणार नाही; उलट तो कशासाठी करायचा, हे वाचकाला कळेल.

आमच्या गावावरून जाणारे रूळ भिलाईतल्यासारख्या पोलाद कारखान्यांत घडतात. तिथे रुळात आत भेग नाही ना, हे ध्वनिलहरींनी तपासल्यावरच तो बाहेर पडतो. त्याच्यावरून एकदा एखादी गाडी किती वेगाने गेली, हा त्याचा गुण नसतो. रोज, उन्हात, भार घेऊन तो टिकतो, हा त्याचा गुण असतो.

पैज कोण जिंकले, असे विचाराल, तर भाचाच. त्याने नंतर चिकाटीने ४.९ गिगाहर्ट्‌झ हा वेग शोधून काढला, ज्यावर मेच्या दुपारीही आठही उत्तरे सारखी येतात. घरच्या गटात त्याने नवे छायाचित्र टाकले. आकडा आधीपेक्षा लहान आहे. पण खाली त्याने लिहिले आहे : “खोली ४३ अंश, सहा तास, आठही कोअर बरोबर.” माझ्या दृष्टीने तो त्याचा पहिला शोधनिबंध.

तुमच्याकडे संगणक असेल, तर या रविवारी दुपारी दोन वाजता हा प्रयोग करून पाहा. आणि आकडा खाली लिहाल, तेव्हा खोलीचे तापमानही लिहा.