नऊ एकांचा वर्ग

रत्नागिरीजवळच्या पालीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने साध्या कॅल्क्युलेटरवर १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांचा वर्ग काढायचे ठरवले, तर यंत्राच्या पडद्यावर उत्तर मावत नाही. तेच वहीत मांडले, नऊ ओळी एकेक घर सरकवून लिहिल्या आणि उभी बेरीज केली, तर एकदाही हातचा न येता उत्तर मिळते: १२३४५६७८९८७६५४३२१.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. डेम्लो हे जी.आय.पी. रेल्वेवरचे स्थानक, कल्पना तिथे सुचली, म्हणून ते नाव. डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या कापरेकरांनी १९३० ते १९६२ अशी नोकरी शाळेत केली आणि शोध वही-पेन्सिलीने लावले. चार अंकी ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे. १९२७ मध्ये त्यांना मिळालेले पारितोषिक रँग्लर परांजपे यांच्या नावाचे होते आणि परांजपे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे, हा योगायोगही सुखावणाराच.

त्या सतरा अंकी संख्येकडे पुन्हा पाहावे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. म्हणजे कापरेकरांच्याच भाषेत ती ‘हर्षद’ संख्या. मूळ अवयव पाडले तर चार वेळा ३, दोनदा ३७ आणि दोनदा ३३३६६७. त्यावरून विभाजक निघतात ४५. पूर्ण वर्ग असल्याने ते विषमच असणार. पण ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५! अशा संख्येलाच ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

याला नुसती करमणूक म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. उलट-सुलट सारखे दिसणे किंवा हर्षद असणे हे आपण दहाच्या पायावर मोजतो म्हणून घडते. लेखनपद्धती बदलली की ते गुण टिकतीलच असे नाही. विभाजक मात्र ४५ च राहतात. संख्येचा स्वभाव कोणता आणि तिचा पेहराव कोणता, हा भेद गणितात फार मोलाचा आहे आणि तो मुलांना इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे दाखवता येणार? अवयव पाडणे आपल्या वर्गांत बहुधा मसावि-लसावि काढण्यापुरतेच उरते. त्यासाठीच्या तासांतला एक तरी तास अशा एखाद्या संख्येला द्यायला हवा. त्याला ना प्रयोगशाळा लागते, ना इंटरनेट.

तासाच्या शेवटी दहा एकांचा वर्ग करायला द्यावा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला ८ कुठे गेला, हे त्याच वहीतल्या उभ्या बेरजेत, पहिल्यांदाच आलेल्या हातच्यापाशी सापडते.