ओतूरचे लग्न आणि आजचा कायदा

जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो, आंबेगाव म्हटले की महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू. पण याच मुलखातल्या ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांचे नाव ऐन लग्नसराईतही कुणी काढत नाही, याचे मला नवल वाटते.

जोतिराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात भटजीविना पहिले लग्न लागले. खेड्यात मात्र हे इतके सोपे नव्हते. तिथे जोशीपण हे वतन. भटजीला बोलवा वा न बोलवा, दक्षिणेवर त्याचा हक्क! बाळाजी पाटलांनी पुरोहिताला न बोलावता लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशांनी दावा ठोकला. जुन्नरच्या कोर्टातले प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि निकाल पाटलांच्या बाजूने लागला. ‘वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील’ या नावाने तो १८९० च्या कायदा अहवालांत छापलेला आहे. १८८७ साली जोतिरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिकाही काढली होती. नुसते ‘नको’ म्हणून संसार उभा राहत नाही, हे ते जाणून होते. पुढे १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदाच झाला आणि न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरचा हक्क संपला.

ही लढाई मंत्रांविरुद्ध नव्हती, सक्तीविरुद्ध होती. ज्याला भटजी हवा त्याने खुशाल बोलवावा.

सक्ती गेली, पण असे लग्न कायद्याने लग्न ठरते का? १९५५ चा हिंदू विवाह कायदा वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढीतले विधी मागतो. तामिळनाडूने १९६७ साली त्यात दुरुस्ती करून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना स्पष्ट मान्यता दिली. महाराष्ट्रात, फुल्यांच्या महाराष्ट्रात, तसे कलम नाही. सत्यशोधक लग्नाला आधार रूढीचाच. त्यातच २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. घरात असे लग्न ठरले असेल तर विधी रीतसर करा. पत्रिका, छायाचित्रे आणि साक्षीदारांची नावे जपून ठेवा. शंकाच नको असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग आहे. मात्र त्याची नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा कार्यालयाची तारीख ती मोजूनच धरा.