दिवा लुकलुकतोय? नवा बल्ब आणण्याआधी जुना दुसऱ्या खोलीत लावून बघा

गणेश चतुर्थीच्या आधी मालवण तालुक्यातल्या बंद घरांची कुलपं निघतात. मुंबईहून आलेला चाकरमानी मेन स्विच चालू करतो, बटण दाबतो आणि माजघरातला दिवा उघडझाप करू लागतो. ‘बल्ब गेलो’ म्हणत बाजारातून नवा येतो. तो दोन दिवस नीट चालतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग राग बल्बच्या कंपनीवर निघतो, नाहीतर महावितरणवर. होल्डरकडे कोणी वर मान करून बघत नाही.

किनाऱ्यावरच्या घरात लुकलुकणाऱ्या दिव्याचं कारण बरेचदा बल्बच्या मागे असतं. होल्डरची पिन, स्विचचा स्क्रू किंवा छतातला वायरचा सांधा, यापैकी एक ढिला किंवा खराब झालेला असतो.

खारी हवा काय करते?

मीठ हवेतलं पाणी ओढतं. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की धातूवर बसलेला मिठाचा थर ओला होतो. दांडी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पावसाळाभर हवा याहून दमट असते. पितळी पिनेवर हिरवट थर चढतो, तिच्यामागची स्प्रिंग गंजून मऊ पडते आणि पिन बल्बला नीट टेकत नाही. वीज त्या फटीतून ठिणग्या टाकत जाते. त्यात घर सहा महिने बंद असेल तर सांगायलाच नको.

तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची तार एकमेकींना नुसती पीळ देऊन जोडली असेल तर प्रकार आणखी वाईट. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, सांधा ढिला होतो आणि तापतो. वर चिकटपट्टी गुंडाळलेली असल्याने बाहेरून काही कळत नाही. कौलारू घरात तो सांधा लाकडी वाशाला टेकलेला असेल, तर दिव्याची उघडझाप ही आगीची पूर्वसूचना समजायला हवी.

पूर्वी असं का दिसत नव्हतं? जुन्या पिवळ्या बल्बची तार क्षणभर वीज तुटली तरी गरम राहायची, म्हणून उजेड फारसा हलत नसे. एलईडी मात्र लगेच विझतो. सांधा तेव्हाही खराब असायचा, आता तो दिसतो इतकंच.

दोष कुठे आहे, कसं ओळखायचं?

लुकलुकणारा बल्ब दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या होल्डरमध्ये लावा. तिथेही लुकलुकला तर बल्ब खराब. एलईडीचे दिवे सहसा टिकतात, आधी जातो तो आतला ड्रायव्हर, तोही उष्णतेने. बंद काचेच्या घुमटात लावलेले बल्ब लवकर जातात ते यामुळेच. दुसरीकडे तोच बल्ब स्थिर जळला, तर दोष जुन्या जागेवर आहे. नवा आणून उपयोग नाही.

विहिरीवरचा पंप किंवा फ्रिज सुरू होताना दिवा क्षणभर मंद झाला तर घाबरू नका. मोबाईलच्या कॅमेऱ्यात उजेडावर पट्टे दिसले तर तो स्वस्त ड्रायव्हरचा गुण, वायरिंगचा नव्हे.

एका लक्षणाला मात्र घाबरायलाच हवं. घरातले सगळे दिवे एकदम मंद, मग एकदम प्रखर होऊ लागले, किंवा थ्री फेज घरात एका खोलीतले मंद आणि दुसरीतले प्रखर झाले, तर न्यूट्रल ढिला किंवा तुटलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी 230 व्होल्टच्या जागी कुठे 300 च्या वर, तर कुठे 150 च्याही खाली दाब येऊ शकतो. मेन स्विच ताबडतोब बंद करा, टीव्ही-फ्रिजचे प्लग काढा आणि 1912 वर तक्रार नोंदवा. मीटरच्या पलीकडची वायर आणि खांब हे महावितरणचं काम. ओळखीच्या पोराला खांबावर चढवू नका.

बल्ब बदलताना

बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली, असं धरून चालू नका. अनेक जुन्या घरांत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला असतो. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज असतेच. बटण बंद करूनही एलईडी अंधारात मंद चमकत असेल तर ही शंका आधी घ्यावी. म्हणून मेन स्विच बंद करा. लोखंडी शिडी नको, लाकडी स्टूल घ्या, हातपाय कोरडे ठेवा. बल्ब थंड झाल्यावर वर दाबून डावीकडे फिरवला की निघतो.

मेन बंद असतानाच पिना बघा. नुसता थर असेल तर पॉलिश पेपरने घासून चालेल. पिन आत रुतली असेल किंवा प्लास्टिक काळं पडलं असेल तर होल्डरच बदला. पडवीत आणि न्हाणीघरात पावसाचं पाणी आत न जाणारं फिटिंग लावा. नव्या बल्बच्या खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि व्होल्टची मर्यादा वाचून घ्या. दाब वरखाली होणाऱ्या गावात ही मर्यादा जितकी रुंद तितकं बरं.

बल्ब बदलले, तारा तशाच

5 जानेवारी 2015 ला सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. बिल कमी झालं, योजना चांगलीच होती. पण नवा बल्ब लागला तो बहुतेक घरी जुन्याच होल्डरमध्ये, जुन्याच तारेवर. घरातल्या वायरिंगची तपासणी हा विषय कुठल्याच योजनेत ठळकपणे आला नाही. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, खांब आडवे झाले आणि मालवणातली गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा घाईत जोडलेले तात्पुरते सांधे नंतर कोणी उघडून बघत नाही. दिवा लागला, काम झालं, असाच हिशेब असतो.

होम-स्टे चालवणाऱ्यांनी तरी हा हिशेब सोडायला हवा. गादी आणि गिझरवर खर्च होतो, मग पाहुण्यांच्या डोक्यावरच्या सांध्यावर का नको?

चतुर्थीच्या आठवड्यात वायरमन मिळणं कठीण, म्हणून त्याला जुलैतच बोलवावं. परवानाधारक वायरमनला तीन कामं सांगावीत: सगळे सांधे उघडून कनेक्टर लावणं, स्विच फेजवर आहेत का ते बघणं, आणि अर्थिंग तपासून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं. तो बसवल्यावर पावसात वारंवार पडत असेल तर काढून टाकू नका. कुठेतरी ओल शिरून वीज गळतेय, एवढाच त्याचा अर्थ. ती जागा शोधायला त्याच वायरमनला परत बोलवा.