अहमदाबादच्या पोळांत

अहमदाबाद हे शहर आमच्या घरात गेली अडतीस वर्षे ‘नेहमीचे’ म्हणून गणले जाते. 1986 साली बँकेच्या तपासणी पथकाबरोबर मी तेथे प्रथम गेलो. पुढे नोकरीच्या निमित्ताने, नंतर मेहुणीचे सासर तेथे असल्यामुळे आणि निवृत्तीनंतर केवळ आवडते म्हणून, पंधरा-सोळा वेळा तरी जाणे झाले. साबरमती आश्रम, हठीसिंगांचे देरासर, अडालजची वाव, सीदी सैयदची जाळी आणि परतताना खाकऱ्याची पाकिटे, हा आमचा ठरीव क्रम. गेल्या मार्गशीर्षात अहिंसा एक्स्प्रेसने निघताना सौभाग्यवतींनी अट घातली, की या खेपेस पूर्वी पाहिलेले एकही ठिकाण पाहावयाचे नाही. ही अट आम्ही पाच दिवस पाळली. अपवाद एकच झाला, तो पुढे येईलच.

काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी आठ वाजता महापालिकेची वारसा-फेरी निघते आणि जुम्मा मशिदीपाशी संपते. 1997 पासून हा उपक्रम चालू आहे. जुलै 2017 मध्ये कोटाच्या आतील अहमदाबादला युनेस्कोने जागतिक वारसा शहर ठरविले. हा मान मिळविणारे हे भारतातील पहिलेच शहर. त्या जुन्या शहराचा प्राण म्हणजे पोळ. आपल्याकडे ‘पोळ’ म्हटले की मोकाट सुटलेला बैल डोळ्यांपुढे येतो. येथे तो संस्कृत ‘प्रतोली’ या शब्दाचा वंशज आहे. प्रतोली म्हणजे वेस, दरवाजा. एका दरवाजाआड एका ज्ञातीची किंवा एका व्यवसायाची शे-दीडशे घरे, मध्ये नागमोडी गल्ली, चौकात पाखरांना दाणे घालण्यासाठी नक्षीदार चबुतरा, आणि एखादे देऊळ अथवा देरासर. रात्री दरवाजा बंद केला की पोळ म्हणजे एक कुटुंबच.

देरासरे तर किती! हाजा पटेलांच्या पोळीत शांतिनाथांचे देरासर आहे, त्यातील लाकडावरील कोरीवकाम पाहून मान दुखू लागली तरी नजर खाली येईना. झवेरीवाडात काही गर्भगृहे जमिनीच्या पातळीखाली, तळघरात आहेत. बाहेरून पाहावे तर साध्या घराचा दरवाजा. आत शिरल्यावर संगमरवर. आक्रमणाच्या काळात ज्यांनी ही रचना केली, त्यांचा हिशेब सरळ होता : वैभव असावे, पण रस्त्यावरून दिसू नये. बँकेच्या तिजोरीचेही तत्त्व दुसरे कोणते असते?

त्याच फेरीत हरकुंवर शेठाणींची हवेली लागते. सुमारे साठ खोल्यांचे हे प्रचंड घर, त्याचे लाकडी धिरे आणि झरोके पाहताना आमच्या अटीस तडा गेला. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी दिल्ली दरवाजाबाहेर धर्मनाथ भगवंतांचे देरासर बांधावयास घेतले आणि काम अपुरे असतानाच त्यांचा देहान्त झाला. ते पूर्ण करून 1848 मध्ये प्रतिष्ठा करविली ती त्यांच्या या पत्नीने. मंदिर आम्ही इतक्या वेळा पाहिले, बावन्न देवकुलिकांना प्रदक्षिणा घातल्या. पण मंदिरावर नाव पतीचे, त्यामुळे ते शेवटास नेणारी स्त्री कोठे राहत होती, हा प्रश्न मनात कधी आला नव्हता. सौभाग्यवती म्हणाल्या, “आता ते देऊळ पुन्हा पाहिले पाहिजे.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेथे गेलो. हाच तो अपवाद.

माझे स्वतःचे पाय मात्र अडखळले ते माणेकचौकातील अहमदाबाद स्टॉक एक्स्चेंजच्या जुन्या इमारतीपाशी. 1894 साली स्थापन झालेला हा शेअरबाजार, मुंबईनंतरचा देशातील दुसरा जुना. समोरच मुहूर्त पोळ. आता येथील सौदे थांबले आहेत. ज्या बाजाराचे भाव आम्ही एके काळी वर्तमानपत्रात वेगळ्या रकान्यात वाचत असू, तेथे दुपारी कबुतरे बसलेली पाहून एम.कॉम. झालेल्या माणसास काय वाटावे, ते लिहीत नाही.

पतपेढीच्या विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आणखी एक हकिकत या शहरात आहे, आणि तिचा संबंध आपल्याशी आहे. 1725 मध्ये मराठी फौजांनी हे शहर लुटण्याचा प्रसंग आला, तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या पदरचे द्रव्य देऊन लूट टाळली. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी ठरविले, की शहराच्या बाजारातील मालावर शेकडा चार आणे नगरशेठांस आणि त्यांच्या वारसांस मिळावेत. शेकडा पाव टक्का, तोही पिढ्यान्‌पिढ्या! जोखमीचा मोबदला म्हणून हा दर मला अजिबात जास्त वाटत नाही. पुढे 1753 मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलेच, व पेशवे आणि गायकवाड यांच्यात त्याचा वसूल 1817 पर्यंत वाटला जात होता. ही कथा अहमदाबादकरांच्या तोंडून ऐकताना मराठी माणसाने किंचित खाली पाहावे, हे बरे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर याच शहराचे. त्यांनी या शहराची नगरपालिका सांभाळली, एवढी आपली परतफेड म्हणता येईल.

आता खाण्याविषयी. माणेकचौकात रात्री खाऊगल्ली भरते, तिचे वर्णन तरुण मंडळी फार करतात. आम्हा उभयतांस सूर्यास्तापूर्वी जेवण्याची सवय, तेव्हा ती शोभा आमच्या वाट्यास आली नाही व त्याचे दुःखही नाही. सकाळचे अहमदाबाद आम्हाला पुरले. काळुपुरात थंडीत एका हातगाडीवर वाफाळते खीचू मिळाले. तांदळाच्या पिठाची ही आपली उकडच. पण पापडखाराचा खमंगपणा, वर कच्चे तेल आणि मेथीचा लाल मसाला. हिवाळ्याच्या सकाळी त्याची सर कशालाही नाही. त्यांची खांडवी म्हणजे आपली सुरळीची वडी, पातरां म्हणजे अळूवडी, दाळढोकळी म्हणजे वरणफळे. नात्यातल्याच गोष्टी, फक्त माहेरी गूळ अंमळ अधिक. मुगाच्या डाळीचे दाळवडे तेथे पावसाळ्यात खातात असे ऐकले होते, डिसेंबरातही मिळाले, आणि विक्रेत्याने न सांगता विचारले, “जैन?” कांदा बाजूला ठेवून तळलेल्या मिरच्या तेवढ्या दिल्या. सगळीकडे हा एकच शब्द पुरतो. पुण्यात आम्हाला कांदा, लसूण, बटाटा अशी यादी म्हणून दाखवावी लागते आणि तरीही पहिल्या घासास शंका राहते.

परंतु सर्वांत चांगले जेवण एका घरी झाले. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या काकू, सर्व जण त्यांना ‘बा’ म्हणतात, एका पोळीत एकट्या राहतात. वय ब्याऐंशी. चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टांके आहे. पहिला पाऊस वाहू द्यावयाचा आणि नंतरचे पाणी छपरावरून नळीने आत घ्यावयाचे. “दाळ या पाण्यातच शिजते, भाई. नळाच्या पाण्यात नाही,” असे म्हणून त्यांनी पाणी गाळले, पितळेच्या पातेल्यात तूरडाळ चढविली. दाळ, भात, पपईचा संभारो, बाजरीची भाकरी. बस्स.

जेवण झाल्यावर त्यांनी एक कापडी पिशवी पुढे केली. एक मुलगा बोपळला, दुसरा न्यूजर्सीत. शेजारची दोन घरे कापडाची गोदामे झाली आहेत. तिसऱ्या गोदामासाठी गिऱ्हाईक बांच्या दारात उभे आहे. घर वारसा यादीत आहे. जतन करणाऱ्या मालकास आपले न वापरलेले विकासहक्क विकता येतात व त्या पैशांतून दुरुस्ती करता येते, अशी महापालिकेची योजना आहे. योजना चांगली आहे. पण पिशवीतील कागद पाहता माझ्या ध्यानी आले, की घर अद्याप बांच्या सासऱ्यांच्या नावे आहे आणि वारस अकरा, त्यांतील एक शाखा नैरोबीस. कर्ज मंजूर करताना मालकीचे असे कागद मी कितीतरी परत पाठविले आहेत. येथे पैशांची अडचण नाही, सह्यांची आहे. गोदामवाल्यास हे ठाऊक असते, म्हणून तो थांबून राहतो. प्रत्येक वारसास थोडे थोडे देऊन तो सह्या गोळा करतो, आणि घरच्या मंडळींना मात्र एकमेकांस पत्र लिहिणे जमत नाही.

वारसांचा वंशवृक्ष मी तेथेच बसून कागदावर उतरविला. हक्कसोडपत्राचा कच्चा मसुदा रात्री मुक्कामी लिहिला आणि सकाळी सहकाऱ्याच्या हाती दिला. तो वकिलास दाखवावा, असेही सांगितले. त्याचा फोन गेल्या पंधरवड्यात आला : दहा जणांची संमती आहे, नैरोबीच्या पत्राचे उत्तर यावयाचे आहे. बांचे म्हणणे वेगळेच आहे. “मी आहे तोवर टांके भरलेले राहील. पुढचे तुम्ही बघा.”

शेवटच्या दिवशी असारव्यातील दादा हरीची वाव पाहिली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुलतानाच्या अंतःपुरातील बाई हरीर यांनी ती बांधविली. भिंतीत एक लेख संस्कृत, एक अरबी. संस्कृत लेखात खर्च दिला आहे, 3,29,000 महमुदी, आणि प्रयोजनही : चारी दिशांनी तहानेले येणारे मनुष्य, पशू, पक्षी, वृक्ष, अशा चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील जीवांसाठी हे पाणी आहे. मी ते वाक्य समजावून घेतले तेव्हा सौभाग्यवती पायरीवर बसून होत्या. त्यांनी हात जोडले. अडालजसारखी गर्दी येथे नाही, तिकीटही नाही. वाचकांपैकी कोणी गेल्यास सकाळी दहा-अकराच्या सुमारास जावे, तेव्हा ऊन खालच्या मजल्यांपर्यंत उतरते. पायऱ्या झिजलेल्या आहेत, गुडघे जपावेत. विहीर कोरडी असते, तेव्हा पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. जवळच माता भवानीची वाव आहे, ती याहूनही जुनी. आमची गाडीची वेळ झाल्याने ती पुढच्या खेपेस ठेवली आहे.