हार, नारळ आणि 'हँडलिंग'

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी मोटारसायकल आली. घरातले हे पहिलेच वाहन. वडिलांनी दोन वर्षे पतपेढीत साठवलेले पैसे, वर थोडे कर्ज. जाहिरातीतली किंमत मी वहीत टिपून ठेवली होती. पण शोरूममध्ये जो कागद पुढे आला त्यात ओळी वाढल्या होत्या. 'हँडलिंग चार्ज' १,५०० रुपये, 'अ‍ॅक्सेसरीज' २,८५० रुपये, हेल्मेट ९०० रुपये. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, हे मात्र तोंडी.

हँडलिंग म्हणजे काय हो, असे मी विचारले. टेबलापलीकडचे गृहस्थ हसले. "सगळेच देतात." बाहेर गाडीला हार घातलेला, आई ओवाळणीचे ताट घेऊन उभी, मुहूर्ताला वीस मिनिटे उरलेली. वडिलांनी मला कोपराने ढोसले आणि पैसे मोजले. मित्रहो, त्या दिवशी विकली गेली ती आमची भीड, आणि तिची किंमत ५,२५० रुपये झाली.

नंतर ग्रंथालयात बसून मी नियम चाळले. 'एक्स-शोरूम' किंमत म्हणजे शोरूमच्या दारातली किंमत. मग दारापर्यंत गाडी आणल्याचे पैसे पुन्हा कसले? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांतील १३८ व्या नियमाप्रमाणे दुचाकी विकताना हेल्मेट उत्पादकाने पुरवायचे असते. पुरवणे म्हणजे विकणे, असा अर्थ मला तरी कोशात सापडला नाही. साडी चाकात जाऊ नये म्हणून लावायची जाळी आमच्या 'अ‍ॅक्सेसरीज'मध्ये मोजली होती. १२३ वा नियम चाकाचे हे संरक्षण उत्पादकावरच सोपवतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे हे खरे; पण तो कोणाकडून घ्यायचा, हे ठरवणारा गाडीचा मालक. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी अट घालणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेण्यास शुल्कसुद्धा नाही.

म्हणजे कायदा तोकडा नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ तर १९७४ साली पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी उभी केली. तरी आपण टेबलापुढे बसलो की मुके होतो. चार माणसांत पैशाची घासाघीस नको, शुभकार्यात वाद नको!

माझा एक वर्गमित्र सुटीत अशाच दुकानात काम करतो. तो म्हणतो, गाडीवर फायदा थोडा, पोरांचे पगार या किरकोळ ओळींतून निघतात. निघोत बापडे. मग ती रक्कम दर्शनी फलकावर छापा, जाहिरातीत मिळवा, आम्ही विचार करून येऊ. हार घातल्यावर ती सांगणे मला मान्य नाही.

दुकानदाराला रीतसर पत्र लिहून प्रत्येक ओळीचा खुलासा मागितला आहे. वडिलांनी त्यावर सही केली. पेनचे टोपण लावता लावता एवढेच म्हणाले, "पहिलं सर्व्हिसिंग तिथंच करायचंय, लक्षात आहे ना?"