ज्ञानाचे जाळे विणायचे कोणी?

मद्रास इलाख्यातील गुत्ती हे काही विद्येचे माहेरघर नव्हे. तेथे डेप्युटी कलेक्टर म्हणून नोकरी करणाऱ्या व्ही. रामस्वामी अय्यर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी देशातील ठिकठिकाणच्या गणितप्रेमींना पत्रे धाडली. त्यांची अडचण साधी होती. गणितातील नवे संशोधन युरोप-अमेरिकेतील नियतकालिकांतून प्रसिद्ध होई आणि ती सारी विकत घेणे एकट्यादुकट्याच्या ऐपतीपलीकडचे होते. उपायही तितकाच साधा होता. सर्वांनी वर्गणी काढावी, नियतकालिके मागवावीत आणि ती टपालाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे फिरवावीत. अशा रीतीने १९०७ साली जी संस्था उभी राहिली, तीच पुढे ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात होते. रँग्लर परांजपे तेव्हा तेथे प्राचार्य होते. १९०९ पासून संस्थेचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले.

याच नियतकालिकाच्या वाचकांपुढे १९११ साली कुंभकोणमकडील एका तरुणाने एक कोडे ठेवले. त्याच वर्षी त्याचा पहिला शोधनिबंधही तेथे प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन परीक्षेत नापास झालेला आणि शिष्यवृत्ती गमावलेला तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. पदवी नसतानाही त्याला वाचणारी माणसे मिळाली. संपादक एम. टी. नारायण अय्यंगार यांना त्याची मांडणी दुर्बोध वाटे, म्हणून निबंधाचे हस्तलिखित संपादक आणि लेखक यांच्यामध्ये पुनःपुन्हा ये-जा करीत राहिले. दुरुस्त होत होत ते छापले गेले. १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या हार्डी यांना लिहिलेले रामानुजनचे प्रसिद्ध पत्र हा या कथेचा पुढचा टप्पा आहे, प्रारंभ नव्हे. हार्डी यांनीही उत्तरात कौतुकाबरोबर एक मागणी केली होती, सिद्धता पाठवा.

आज उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात ‘ऑनलाईन’ हा शब्द मंत्रासारखा उच्चारला जात असताना ही कथा आठवण्याचे कारण आहे. शिकणाऱ्यांचे जाळे ही संगणकाने जगाला दिलेली देणगी नव्हे. संगणकाने त्या जाळ्याची गती वाढवली आणि त्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. मात्र ज्या गोष्टीमुळे रामस्वामी अय्यर यांचे जाळे फळाला आले, तीच गोष्ट आजच्या झगमगाटात हरवत चालली आहे काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

‘महाजालावरून शिकणे’ या कल्पनेचा आधुनिक इतिहास फार जुना नाही. २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाऊन्स या दोघांनी एक अभ्यासक्रम चालविला. शुल्क भरलेले विद्यार्थी होते अवघे २५. परंतु दारे सर्वांना खुली असल्याने जगभरातून सुमारे २,२०० जण त्यात विनामूल्य सामील झाले. त्या अभ्यासक्रमाची मूळ धारणा अशी होती की, ज्ञान हे एका पुस्तकात वा एका व्यक्तीच्या डोक्यात बंदिस्त नसते. ते माणसामाणसांतील आणि माणूस व साधने यांतील संबंधांत वसलेले असते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आपापला अभ्यास-परिसर स्वतः उभारावा, कोणाचे वाचायचे, कोणाशी बोलायचे, आपले लिखाण कोठे ठेवायचे हे स्वतः ठरवावे आणि इतरांच्या परिसराशी आपला परिसर जोडावा, अशी अपेक्षा होती. शिक्षणशास्त्रात ‘वैयक्तिक अध्ययन-परिसर’ म्हणतात तो हाच.

पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका खुल्या वर्गाला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदविली; शेवटपर्यंत टिकले ते सुमारे २३ हजार. पाठोपाठ मोठमोठी व्यासपीठे उभी राहिली आणि ‘विणण्या’ची मूळ कल्पना मागे पडून ‘पाहण्या’ची कल्पना पुढे आली. शिक्षक चित्रफितीत बोलतो, विद्यार्थी खोलीत एकटा पाहतो, शेवटी बहुपर्यायी प्रश्न आणि त्यानंतर प्रमाणपत्र. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अशा अभ्यासक्रमांची अनेक वर्षांची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. जगातील नामांकित प्राध्यापक, विनामूल्य प्रवेश, घरबसल्या सोय, एवढे सारे असूनही शंभरांतले सत्त्याण्णव मध्येच उठून गेले. त्यांतील अनेकांना अभ्यासक्रम पुरा करायचाच नव्हता, हे मान्य केले तरी आकडा विचार करायला लावणारा आहे. ही माणसे आळशी होती असे म्हणून चालणार नाही. ती एकटी होती, हे अधिक खरे.

आपल्या देशाने या क्षेत्रात केलेले काम लहान नाही आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. आयआयटी संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. जेव्हा खेड्यापाड्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांना चांगले प्राध्यापक मिळत नव्हते, तेव्हा देशातील उत्तम अध्यापकांची व्याख्याने त्याने सर्वांसाठी खुली केली. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर श्रेयांकांची पेढी आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करण्याची मुभा दिली होती, २०२१ च्या नियमांनी ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली.

येथेच सावध होण्याची गरज आहे. ४० टक्के ही मुभा म्हणजे संधी आहे, तशीच ती पळवाटही होऊ शकते. ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचा अध्यापकच नाही, तेथील विद्यार्थ्याला दूरस्थ विद्वानाकडून तो विषय शिकता यावा, हा या मुभेचा हेतू. परंतु अध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवून ‘विद्यार्थ्यांनी महाजालावरून करून घ्यावे’ असे म्हणण्याचा मोह व्यवस्थेला होणारच नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल? पुण्या-मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला अध्यापकही मिळेल आणि महाजालही मिळेल. गडचिरोली वा नंदुरबारच्या विद्यार्थ्याला केवळ महाजालच मिळाले, तर ती समता ठरणार नाही. जे शिक्षण श्रीमंतांना जोड म्हणून मिळते, ते गरिबांना पर्याय म्हणून देणे, याला समता म्हणत नाहीत.

एनपीटीईएलच्या धुरिणांना हे उमगले होते, असे त्यांच्या रचनेवरून दिसते. त्यांनी नुसती व्याख्याने ठेवून काम संपविले नाही. महाविद्यालयांतून स्थानिक शाखा उभ्या केल्या आणि तेथे समन्वयक व मार्गदर्शक अध्यापक नेमले जातील अशी व्यवस्था केली. प्रमाणपत्राची परीक्षाही केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन, देखरेखीखाली द्यावी लागते. मुंबई आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प हे दुसरे उदाहरण. संगणकाच्या मुक्त आज्ञावली शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन. पाठ नुसता ऐकायचा नाही. थोडा पाहायचा, थांबवायचा आणि तेच आपल्या संगणकावर करून पाहायचे, अशी ती पद्धत. हाताला काम आणि कानाला मातृभाषा, या दोन गोष्टींनी किती फरक पडतो, हे इंग्रजीच्या धास्तीने मागे राहिलेल्या विद्यार्थ्याला विचारावे.

दुसरा धोका आहे तो परक्याच्या जागेवर घर बांधण्याचा. ज्या ‘ऑर्कुट’वर एकेकाळी आपल्याकडील तरुणाई अहोरात्र जमत असे, ते सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. अभ्यासू मंडळी संकेतस्थळांवरील नवे लिखाण एकत्र वाचण्यासाठी वापरीत असलेले ‘गूगल रीडर’ त्याआधीच, जुलै २०१३ मध्ये मिटले. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी उभारलेले ‘एडएक्स’ २०२१ साली ‘टूयू’ नामक कंपनीला ८० कोटी डॉलरना विकले गेले आणि त्या कंपनीला २०२४ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. व्यासपीठे येतात आणि जातात. विद्यार्थ्याने केलेली टिपणे, सोडविलेली उदाहरणे, मिळविलेल्या ओळखी त्यांच्याबरोबर वाहून जाऊ नयेत, एवढी दक्षता ज्याने घेतली, त्याचाच अभ्यास-परिसर खऱ्या अर्थाने ‘वैयक्तिक’. कंपनीने दिलेल्या खात्याला आपला परिसर समजणे म्हणजे धर्मशाळेतल्या खोलीला घर समजणे होय.

आता यात चॅटजीपीटीसारख्या संवादयंत्रांची भर पडली आहे. नोव्हेंबर २०२२ नंतर कोणत्याही प्रश्नाचे घोटीव उत्तर क्षणात मिळू लागले. त्यांचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? पण उत्तर मिळणे आणि शिकणे यांत अंतर आहे. रामानुजनला उत्तरे ठाऊक होती. त्याला हवा होता तो ‘हे सिद्ध कसे केलेस?’ असे विचारणारा माणूस. यंत्रालाही आपण तसा प्रश्न विचारायला सांगू शकतो, परंतु तसे सांगण्याची बुद्धी होण्यासाठी आधी कोणा शिक्षकाने आपल्याला तो प्रश्न विचारलेला असावा लागतो. आपली वही वाचून, समासात लाल रेघ ओढून, ‘पुन्हा लिही’ म्हणणारा माणूस ज्याच्या जाळ्यात नाही, त्याचे जाळे कितीही मोठे असले तरी त्यात मासा लागत नाही.

‘रामानुजन हा कोट्यवधींत एक; सामान्य मुलांचे काय?’ असा आक्षेप येईल. आक्षेप योग्य आहे आणि म्हणूनच मुद्दा अधिक बळकट होतो. रामानुजनसारख्या अलौकिक प्रतिभेलाही जर वाचणारे, दुरुस्त करणारे आणि पाठीशी उभे राहणारे लागले, तर तुमच्या-आमच्या मुलांना ते किती अधिक लागतील!

मग करावे काय? महाविद्यालयांकडून एक अपेक्षा स्पष्ट शब्दांत करायला हवी. ऑनलाईन अभ्यासक्रमाचे श्रेयांक मान्य करताना प्रत्येक गटामागे एक अध्यापक नेमावा, त्याने आठवड्यातून एकदा त्या विद्यार्थ्यांना समोर बसवावे आणि हे काम त्याच्या कार्यभारात मोजले जावे. असे न करणारे महाविद्यालय श्रेयांक देत नसून आपली जबाबदारी झटकत आहे, असे समजावे.

विद्यार्थ्यांनी तीन सवयी लावून घ्याव्यात. पाहिलेल्या प्रत्येक पाठाचे टिपण स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या वहीत वा स्वतःच्या संगणकावर करावे. आपल्याहून अधिक जाणणारा एक आणि आपल्याबरोबर शिकणारे दोन-तीन, एवढ्यांशी तरी नियमित संपर्क ठेवावा. आणि जे शिकलो ते कोणाला तरी मराठीत समजावून सांगावे. समजावता आले नाही तर शिकणे अपुरे आहे असे खुशाल मानावे.

कुटुंबांचा वाटाही मोठा आहे. मुलाने किती प्रमाणपत्रे मिळविली हे पाहुण्यांना सांगण्यात आपल्याला भूषण वाटते. त्याऐवजी ‘या आठवड्यात तुझे लिखाण कोणी वाचले? काय चुकले म्हणाले?’ एवढे दोनच प्रश्न जेवताना विचारले, तर भिंतीवरच्या चौकटींपेक्षा अधिक काही घडेल.

आणि ज्यांना समाजासाठी वेळ देण्याची सवय आहे, अशा कार्यकर्त्यांसाठी तर येथे हाताशी काम आहे. गावोगावी, वस्तीवस्तीत आपल्याकडे अभ्यासिका आहेत. तेथे मुले शेजारी शेजारी बसतात, पण बहुधा एकेकटीच वाचतात. त्याच अभ्यासिकेत आठवड्यातील एक संध्याकाळ राखून ठेवावी. एकच ऑनलाईन अभ्यासक्रम घेतलेल्या पाच-सहा मुलांनी एकत्र बसून उदाहरणे सोडवावीत. गावातील निवृत्त शिक्षकाने वा अभियंत्याने त्यांच्या वह्या पाहाव्यात. याला ना इमारत लागते, ना अनुदान. लागतो तो एक चिकाटीचा माणूस, जो दर आठवड्याला ठरल्या वेळी कुलूप उघडेल.

गुत्तीच्या त्या डेप्युटी कलेक्टरपाशी वेगवान साधने नव्हती. होती ती टपालाची पाकिटे आणि ‘मला जे मिळाले ते दुसऱ्यापर्यंत पोचले पाहिजे’ ही तळमळ. आज मुलांच्या खिशातील भ्रमणध्वनीत त्याच्या कल्पनेपलीकडचे ग्रंथालय आहे. तेव्हा साधनांची उणीव ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही. मुलाने पाठविलेला कागद उघडून वाचणारी आणि दुरुस्त करून परत धाडणारी माणसे उभी करणे, हे काम मात्र कोणतेही व्यासपीठ आपल्यासाठी करणार नाही. ते आपल्यालाच करायचे आहे.